तळ्यापासून तळ्यापर्यंत : प्रवराकाठचा सायकल-प्रवास

पायी चालणाऱ्यास देश दिसतो खरा, परंतु थोडा. मोटारीने जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून पुष्कळ देश सरकतो, परंतु तो दिसत नाही. या दोहोंच्या मधली चाल सायकलीची होय. वाटेत उतरून शेतकऱ्याशी चार शब्द बोलता येतात, आणि तरीही चार-पाच दिवसांत एक संपूर्ण नदीखोरे नजरेखालून घालता येते. ज्या विद्यार्थ्यांस भूगोल पुस्तकाबाहेर, प्रत्यक्ष जमिनीवर वाचावयाचा आहे, त्यांच्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील) प्रवराकाठच्या मार्गाची माहिती येथे देण्याचे आम्ही योजिले आहे. हा मार्ग सह्याद्रीतील भंडारदऱ्याच्या जलाशयापाशी सुरू होतो आणि गोदावरीवरील नाथसागराच्या काठी संपतो. सारे अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक असून एवढ्या वाटेत जमीन सुमारे पावणेतीनशे मीटर उतरते.

आरंभी एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. कालव्याकाठच्या सायकल-प्रवासाची वर्णने बहुधा युरोपातील असतात. फ्रान्समधील तूलूज शहरापासून भूमध्य समुद्राकडे जाणारा 'कनाल द्यू मिदी' १६८१ साली वाहतुकीस खुला झाला. तो नौकांसाठी खोदला होता. नावा ओढणाऱ्या घोड्यांकरिता त्याच्या काठाने वाट ठेवलेली असे. तीच आता सायकलस्वारांच्या उपयोगी पडते. आपल्याकडील पाट मुख्यत्वे नावांसाठी नव्हेत, तर शेतीसाठी आहेत. नौकांच्या कालव्यात पाणी जवळजवळ स्थिर असते आणि चढउतार दरवाजांच्या कुंडांनी साधला जातो. आपल्या पाटात पाणी सतत वाहिले पाहिजे, म्हणून त्यास हलकासा उतार द्यावा लागतो. हा भेद ध्यानी ठेवला म्हणजे पुढील मार्गाचा अर्थ आपोआप उलगडतो.

पहिला मुक्काम भंडारदऱ्यास करावा. प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. गडाच्या पायथ्याशी रतनवाडीस अमृतेश्वराचे कोरीव दगडी देवालय आहे, आणि तेथूनच तळ्याचा विस्तार सुरू होतो. जवळच १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर आहे. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. धरणाचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास देण्यात आले. दगडी बांधकामाची ही भिंत सुमारे ८२ मीटर उंच असून तिच्यामागे अकरा टी. एम. सी., म्हणजे अकरा अब्ज घनफूट, पाणी साठते.

धरण येथेच का बांधले, याचे उत्तर पावसात आहे. घाटमाथ्यावरील घाटघर-रतनवाडीकडे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस श्रीरामपूर-नेवाशाकडे जावे तो पाचशेच्या आसपास येतो. एकाच नदीच्या काठी, एका माणसास चार दिवसांत ओलांडता येईल एवढ्या अंतरात, दहापटींचे अंतर! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत या पूर्व भागाचे जे हाल झाले, त्यांतूनच अशा पाटबंधाऱ्यांच्या योजनांस जोर चढला. पण तळ्याच्या काठी महादेव कोळी व ठाकर समाजांच्या वाड्या आहेत, त्यांकडेही पाहावे. येथील भातखाचरांवर एवढा पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात कित्येक डोंगरवाड्यांतील बायकांस पिण्याच्या पाण्यासाठी लांब चालावे लागते. पाणी ज्याच्या दारी पडते त्याच्याच घरी राहते असे नाही, हा या प्रवासाचा पहिला धडा होय.

भंडारदऱ्याहून रंधा धबधब्यावरून राजूर व पुढे अकोले असा रस्ता आहे. उतार पुष्कळ, वळणेही पुष्कळ; येथे दोन्ही ब्रेक चांगले असल्यावाचून निघू नये. या टप्प्यात पाट शोधणारास भंडारदऱ्याचा एकही पाट सापडणार नाही. धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्राने खाली जाते. नदी हाच येथे कालवा आहे. वाटेत निळवंड्याचे नवे धरण लागते. ही योजना १९७० साली मंजूर झाली आणि तिच्या डाव्या कालव्यात पहिले पाणी ३१ मे २०२३ रोजी सोडण्यात आले. मधली त्रेपन्न वर्षे ज्यांनी वाट पाहिली, त्यांपैकी कित्येकांच्या नातवांनी ते पाणी पाहिले.

अगस्ती ऋषींच्या आश्रमामुळे प्रसिद्ध असलेल्या अकोल्याहून संगमनेरास यावे. संगमनेरच्या खाली ओझर येथे नदीत आडवा बंधारा आहे. भंडारदऱ्याचे पाणी येथे अडून उंच होते आणि डाव्या व उजव्या अशा दोन पाटांत शिरते. डावे-उजवे ठरविताना नदीच्या प्रवाहाच्या दिशेस तोंड करून उभे राहावयाचे असते, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

येथून खरी मौज सुरू होते. लोणीकडे जाताना डावा पाट कधी रस्त्याजवळ येतो, कधी दूर जातो. नीट पाहिले तर असे दिसेल की, नदी झपाट्याने खाली उतरते आणि पाट मात्र उतरावयास नाखूष असल्यासारखा टेकाडांच्या कडेकडेने वळणे घेत जातो. हजारो फूट गेल्यावर तो जेमतेम फूटभर खाली येत असेल. त्यामुळे जितके पुढे जावे तितके पाट आणि नदी यांच्या उंचीतील अंतर वाढते आणि मधला पट्टा रुंदावतो. हाच पट्टा पाटाचे लाभक्षेत्र होय, कारण पाणी आपण होऊन खालीच जाते. भरावाजवळ उभे राहून पाहिले तर एका बाजूस ऊस, घास आणि फळबागा, व वरच्या बाजूस बाजरी किंवा बाभळीचे माळ, असा देखावा पुष्कळ ठिकाणी असे. आता विहिरी व विजेचे पंप यांमुळे ही रेघ बरीच पुसट झाली आहे; तथापि शोधणाऱ्यास ती अजून सापडते. वाटेत ओढा आडवा आला म्हणजे पाट कोठे पुलावरून त्यास ओलांडतो, तर कोठे सायफनाने त्याच्या पोटाखालून पलीकडे निघतो. अशी ठिकाणे पाहून त्यांची चित्रे वहीत काढावीत.

लोणीजवळ प्रवरानगर आहे. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी येथे सहकारी साखर कारखाना काढला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्यात ऊस गाळला. पाटाच्या पाण्याने या भागात केवढी संपत्ती निर्माण केली, ते येथे दिसते. परंतु त्याच पाण्याची दुसरी बाजूही आहे. जेथे पाणी अति दिले गेले आणि निचरा झाला नाही, तेथे जमीन चिबड व खारवट झाली. पांढऱ्या फुलोऱ्याने झाकलेले असे एखादे ओसाड शेत वाटेत दिसले, तर ते पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

पुढे श्रीरामपूर लागते. या गावाच्या रेल्वे-स्थानकाचे नाव अद्याप बेलापूर असेच आहे. या बाजूस आल्यावर एखाद्या वयस्क शेतकऱ्यास 'आवर्तन' म्हणजे काय ते विचारावे. पाटात पाणी बारमाही नसते. ते पाळीपाळीने सोडले जाते. मुख्य पाटातून चाऱ्यांत, चाऱ्यांतून पोटचाऱ्यांत आणि तेथून शेतात. पाळी रात्री आली तर रात्री उठून दारे धरावी लागतात. पाटाच्या मुखाशी असणाऱ्यास पाणी आधी आणि भरपूर मिळते. शेपटाकडील शेतकऱ्यास शेवटी, आणि पुष्कळदा थोडे. वरच्याने हक्काहून घटकाभर अधिक दार उघडे ठेवले, तर त्याचे फळ कोस-दोन कोस खालच्या, त्याने कधी न पाहिलेल्या माणसाच्या शेतात वाळून जाते.

शेवटचा टप्पा नेवाशाचा. प्रवराकाठच्या याच गावी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, अशी परंपरा आहे. तेथून टोके येथे प्रवरा गोदावरीस मिळते. पुढे जायकवाडी धरणाचे अफाट पाणी पसरलेले आहे. या धरणाची कोनशिला १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी बसविली, आणि जलाशयास पैठणच्या संत एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हणतात. हिवाळ्यात येथे दूरदेशींचे पक्षी उतरतात. कमी पावसाच्या वर्षी नाथसागर भरत नाही. मग २००५ च्या कायद्यान्वये वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचा प्रश्न येतो, आणि वरचे व खालचे यांच्यात तंटा उभा राहतो. शेतातील दाराचा जो तंटा, तोच येथे जिल्ह्याजिल्ह्यांत होतो. चार दिवस पाण्याबरोबर उतरत आलेल्या मुलास दोन्ही बाजूंचे म्हणणे समजेल, असा आम्हांस भरवसा आहे.

आता थोड्या व्यवहाराच्या सूचना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. परंतु तोच उसाच्या हंगामाचाही काळ असल्याने ट्रॅक्टर व बैलगाड्या यांपासून जपून असावे आणि अंधारात सायकल चालवू नये. जवळ पंप, पंक्चरचे सामान, एक जादा ट्यूब आणि पिण्याचे पाणी असावे. पाटाचा भराव ही सार्वजनिक सडक नव्हे. तो पाटबंधारे खात्याचा आहे. परवानगी मिळाल्यावाचून त्यावर सायकल घालू नये. शेजारचे गावरस्ते पुरेसे आहेत. पाटात पोहण्यास कोणीही उतरू नये. वरून संथ दिसणाऱ्या पाण्यास ओढ असते आणि निसरड्या उतारावरून काठ हाती लागत नाही. पालकांनी मुलांस एकटे न धाडता एखादा जाणता माणूस बरोबर द्यावा, परंतु भीतीपोटी घरी बसवूनही ठेवू नये. जो मुलगा अगर मुलगी पाण्याची ही वाट एकदा डोळ्यांनी पाहील, तिला आपल्या घरचा नळ उगाच वाहता ठेवण्यास सांगावे लागणार नाही, आणि बंद करण्यासही सांगावे लागणार नाही.