तेरची पेठ आणि पाँपेईचा किनारा

इटलीच्या प्रवासात नेपल्सच्या वाट्याला दोनच दिवस आले, तरी व्यापारी कुटुंबाने त्यांतला एक पाँपेईसाठी राखून ठेवावा. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले हे नगर नेपल्सहून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत गाठता येते. दगडी रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या, पावाच्या भट्ट्या, दुकानांचे ओटे पाहताना ती एखादी ओळखीची पेठच वाटते.

याच नगरात १९३८ मध्ये एका घरात भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणून ती प्रसिद्ध झाली; काही अभ्यासक तिला यक्षी मानतात. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. (संग्रहालय मंगळवारी बंद असते.)

तिच्याशी साम्य असलेली छोटी हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही मिळाली. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरचे साधे कापड व मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असल्याची नोंद आहे. तेथून माल तांबड्या समुद्रामार्गे रोमन बाजारपेठेत पोहोचे. मुनी कनकामरांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यातील तेरापूर ते हेच.

मूर्तीचे सौंदर्य पाहताना श्रावकाच्या मनात मात्र एक प्रश्न उभा राहतो. श्रावकाचाराने वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्याची, म्हणजे हस्तिदंताच्या व्यापाराची, स्पष्ट गणना आहे. एकाच व्यापारी मार्गाने निर्दोष कापडही गेले आणि हिंसेतून आलेला दंतही. नफा दोन्हींत होता. कोणता माल हाती धरायचा, हा विवेक व्यापाऱ्याचा होता. रेशीम, चामडे, औषधे यांच्या व्यवहारात तोच प्रश्न आजही सुटलेला नाही.

आहाराविषयी तेथे दक्ष राहावे. नेपल्सच्या परिसरातील म्हशीच्या दुधाच्या मोझारेलात वासराच्या जठरातील रेनेट वापरतात आणि मारिनारा पिझ्झात लसूण असतो. चीज व लसूण दोन्ही वगळण्यास आधीच सांगावे. जूनमध्ये सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होत असल्याने चौविहार पाळणे सोपे जाते.

त्याआधी एक दिवस तेरसाठी द्यावा. सोलापूरहून सकाळी निघून लामतुरे संग्रहालय व महावीर जिनमंदिर पाहून सायंकाळी परतता येते. तगर पाहिलेल्या मुलांना पाँपेई परके वाटणार नाही.