लघुपटाचा आरंभ : पहिली दोन मिनिटे

संगीत नाटकाचा पडदा नांदीने उघडतो, तमाशा गणाने सुरू होतो आणि कीर्तनकार आख्यान लावण्यापूर्वी पूर्वरंगात विषयाची बैठक घालून देतो. कोणत्याही कलाप्रकाराला असा आरंभ लागतो, कारण समोर बसलेला श्रोता किंवा प्रेक्षक आपल्या नित्याच्या जगातून आलेला असतो. त्याला कथेच्या जगात नेण्यासाठी एक उंबरठा लागतो. चित्रपटातील हा उंबरठा म्हणजे आरंभीची दृश्यमालिका होय.

चित्रपटाचे शिक्षण घेणारे विद्यार्थी बहुधा लहान लांबीचे कथाप्रधान चित्रपट तयार करतात. अशा चित्रपटाला लघुपट म्हणतात. दोन-अडीच तासांच्या चित्रपटात पहिली दोन मिनिटे थोडी सैल राहिली तरी पुढे ती उणीव भरून काढता येते. पंधरा मिनिटांच्या लघुपटात तशी सवड नसते. कथा कोणाची आहे, ती कोठे घडते आणि त्या व्यक्तीला काय हवे आहे, या तीन गोष्टींची चाहूल प्रेक्षकाला आरंभीच लागावी लागते.

एक अभ्यासण्याजोगे उदाहरण

सत्यजित राय यांचा ‘चारुलता’ हा बंगाली चित्रपट १९६४ साली प्रदर्शित झाला. तो रवींद्रनाथ टागोर यांच्या ‘नष्टनीड’ या कथेवर आधारलेला आहे. चित्रपटाच्या आरंभी नायिका चारू रुमालावर ‘बी’ हे इंग्रजी अक्षर भरताना दिसते. हे तिच्या पतीच्या, भूपतीच्या, नावाचे आद्याक्षर आहे. नंतर ती मोठ्या घरातील एका दालनातून दुसऱ्या दालनात फिरते, पुस्तक चाळते आणि खिडकीच्या झडपांआडून लहान दुर्बिणीने रस्त्यावरची माणसे पाहते. इतक्यात भूपती घरात येतो. पत्नी जवळच उभी आहे, याचे त्याला भान नसते. तो तिच्या समोरून निघून जातो. तेव्हा चारू तीच दुर्बीण डोळ्यांना लावून त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहते.

या काही मिनिटांत संवाद जवळजवळ नाहीत. ‘मी एकटी आहे’ असे चारू कोणालाही सांगत नाही. तरीही तिची सुबत्ता, तिची बुद्धी आणि तिचा एकटेपणा प्रेक्षकाला उमगतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांसाठी वापरलेली दुर्बीण पतीसाठीही वापरावी लागते, या एका कृतीत पुढील कथेचे बीज आहे. मनातील भाव कृतीतून, वस्तूतून आणि ध्वनीतून दाखवणे हेच आरंभाचे खरे काम होय.

कथेपासून दृश्याकडे

ही रीत विद्यार्थ्यांच्या लघुपटात कशी उतरवता येईल, हे एका कल्पित कथेच्या आधारे पाहता येते. सोलापुरात अनेक स्त्रिया घरी विड्या वळण्याचे काम करतात. समजा, अशीच चाळिशीतील एक स्त्री, लक्ष्मी, दहावीची परीक्षा देण्याचे ठरवते. ही गोष्ट तिने घरात कोणालाही सांगितलेली नाही.

नवखा दिग्दर्शक अशा कथेचा आरंभ पुष्कळदा गजराच्या घड्याळाने करतो. नायिका उठते, तोंड धुते, चहा करते आणि पार्श्वभूमीवर तिचाच आवाज तिची सारी हकिकत सांगतो. यात दृश्ये पुष्कळ असतात, पण कुतूहल नसते. याउलट, पुढील सहा दृश्ये पाहावीत.

१. पडदा काळा आहे. कात्रीचा लयबद्ध आवाज येतो. दूरवर यंत्रमागाची खडखड चालू आहे.
२. दोन हात पत्र्याच्या साच्याप्रमाणे टेंभुर्णीचे पान कापतात, त्यात तंबाखू भरतात, विडी वळतात आणि दोऱ्याने बांधतात.
३. मांडीवरच्या सुपात, पानांच्या शेजारी, एक पुस्तक उघडे आहे.
४. संपूर्ण खोली दिसते. एकच दिवा जळतो आहे. लक्ष्मी विड्या वळताना पुटपुटते आहे.
५. बाहेर पावले वाजतात. तिचा हात झटकन पुढे होतो आणि पुस्तक पानांखाली जाते.
६. यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून तिचा तरुण मुलगा आत येतो. लक्ष्मीचा चेहरा दिसतो. त्यानंतर लघुपटाचे नाव येते.

यात एकही संवाद नाही. तथापि प्रेक्षकाच्या मनात प्रश्न उभा राहतो. आईने स्वतःच्या मुलापासून पुस्तक का लपवावे? ते भीतीने, की संकोचाने? या वयात शिकायला निघालेल्या माणसाला आपल्याच घरात किती संकोच वाटू शकतो, हे अनेकांना अनुभवाने ठाऊक असते. आरंभाने प्रश्न निर्माण करावा. उत्तर देण्याची घाई करू नये.

पूर्वतयारी

दृश्ये ठरली, की ती क्रमाने कागदावर रेखाटली जातात. या चित्रांच्या पट्टीला ‘स्टोरीबोर्ड’ म्हणतात. त्यासाठी उत्तम चित्रकला येण्याची आवश्यकता नसते. व्यक्ती कोठे आहे, कॅमेरा कोठे आहे आणि चौकटीत काय दिसते, एवढे समजले तरी पुरे. त्यानंतर चित्रीकरणाच्या जागेची पाहणी करतात. खोलीत उजेड कोणत्या बाजूने येतो, विजेची सोय कोठे आहे, शेजारच्या आवाजाचा उपद्रव किती होईल, याच्या नोंदी त्याच वेळी घेतल्या जातात. जागेच्या मालकाची परवानगीही लेखी घेणे श्रेयस्कर असते.

याच टप्प्यावर आणखी एक जबाबदारी येते. विडी वळणाऱ्या हातांना वर्षानुवर्षांच्या सरावाचा वेग असतो. अभिनेत्रीने ते काम शिकून न घेतल्यास, विडी कामगार प्रेक्षकाला पहिल्याच दृश्यात खोटेपणा जाणवेल. म्हणून अभिनेत्रीने एखाद्या कामगार स्त्रीजवळ बसून ते काम शिकावे. अथवा हातांच्या दृश्यासाठी अशाच स्त्रीची संमती घ्यावी आणि तिला तिच्या वेळेचा मोबदला द्यावा. गरिबी हा देखावा नव्हे. ज्यांचे जीवन पडद्यावर येते, त्यांना ते पाहताना अपमान वाटता कामा नये.

चित्रीकरण

चित्रपटात साधारणतः सेकंदाला २४ स्थिर चित्रे दाखवली जातात आणि त्यांतून गतीचा भास निर्माण होतो. भारतातील वीजपुरवठा सेकंदाला ५० आवर्तनांचा असल्यामुळे नळीदिव्याचा आणि काही एलईडी दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना हे जाणवत नाही, परंतु कॅमेऱ्यात चित्र लुकलुकताना दिसू शकते. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास हा दोष बहुधा टळतो.

निरनिराळ्या दृश्यांत सातत्य राखणे हेही महत्त्वाचे आहे. दुसऱ्या दृश्यात सुपात विड्यांचे चार कट्टे असतील आणि पाचव्या दृश्यात दोनच दिसतील, तर प्रेक्षकाचे लक्ष कथेवरून उडते. म्हणून प्रत्येक दृश्यानंतर वस्तूंची मांडणी छायाचित्रात टिपून ठेवतात. तसेच, लक्ष्मी आणि दार यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा मानून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवतात. कॅमेरा रेषेच्या पलीकडे गेल्यास लक्ष्मी एका दृश्यात उजवीकडे आणि दुसऱ्यात डावीकडे पाहत असल्याचा भास होतो. मग मुलगा नेमका कोणत्या बाजूने आला, याविषयी प्रेक्षकाचा गोंधळ उडतो.

ध्वनी

नवख्या मंडळींचे ध्वनीकडे अनेकदा दुर्लक्ष होते. वस्तुतः वरील आरंभाचा प्राण ध्वनीतच आहे. पावले ऐकू आली नाहीत, तर पुस्तक लपवण्याला अर्थच उरत नाही. कॅमेऱ्यावरचा मायक्रोफोन दूर असल्यामुळे खोलीतील सगळाच गलका टिपतो. म्हणून स्वतंत्र मायक्रोफोन आवाजाच्या जवळ नेतात. चित्र आणि ध्वनी वेगवेगळ्या यंत्रांवर मुद्रित होत असल्यास प्रत्येक दृश्याच्या आरंभी क्लॅपची फळी वाजवतात. फळी मिटल्याचे चित्र आणि तिचा आवाज जुळवला, की पुढचे सारे जुळते. शेवटी सर्वांनी स्तब्ध राहून रिकाम्या खोलीचा आवाजही मिनिटभर मुद्रित करावा. संकलनात दोन आवाजांमधील पोकळी भरून काढण्यास तो उपयोगी पडतो.

संकलन आणि नामावली

चित्रीकरण संपल्यावर दृश्ये योग्य क्रमाने आणि योग्य लांबीत जोडणे म्हणजे संकलन. येथे दिग्दर्शकाच्या निर्णयशक्तीची कसोटी लागते. कष्टाने टिपलेले सुंदर दृश्यही कथेला पुढे नेत नसेल, तर ते गाळावे लागते. काही ठिकाणी पुढच्या दृश्याचा आवाज आधी ऐकवतात. उदाहरणार्थ, चौथ्या दृश्यात लक्ष्मी पुटपुटत असतानाच बाहेरची पावले हळूच सुरू झाली, तर प्रेक्षकाला धोक्याची जाणीव तिच्याही आधी होते.

पार्श्वसंगीत म्हणून एखादे लोकप्रिय चित्रपटगीत वापरण्याचा मोह टाळावा. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये गीत आणि ध्वनिमुद्रण यांना संरक्षण आहे. परवानगीशिवाय ते वापरल्यास लघुपट महोत्सवात दाखवताना अडचण येऊ शकते. नामावलीतील अक्षरे सुवाच्य आणि शुद्ध असावीत. जागा देणारे शेजारी आणि काम शिकवणारी स्त्री यांची नावेही त्यांच्या संमतीने त्यात असावीत.

आरंभ साधला की नाही, हे तपासण्याचा एक सोपा मार्ग आहे. कथा ठाऊक नसलेल्या व्यक्तीला केवळ पहिली दोन मिनिटे दाखवावीत आणि काहीही न सांगता तीन प्रश्न विचारावेत : ही व्यक्ती कोण आहे? तिला काय हवे आहे? ती कशाला बिचकते आहे? उत्तरे मिळाली नाहीत, तर दोष पाहणाऱ्याचा नसून मांडणीचा आहे, असे समजून पुन्हा संकलनाला बसावे.

चित्रपटाला महागडी साधने उपकारक ठरतात, हे खरे. परंतु आरंभाची किमया त्यांवर अवलंबून नसते. एक खोली, एक दिवा, दोन हात आणि पानांखाली गेलेले एक पुस्तक एवढ्या सामग्रीतूनही माणसाची सारी धडपड उभी राहू शकते. आरंभ हे दिग्दर्शकाने प्रेक्षकाला दिलेले वचन असते. पुढच्या तेरा मिनिटांत लक्ष्मीला ते पुस्तक उघडपणे हाती घेता येईल का, या प्रश्नाला प्रामाणिकपणे भिडणे म्हणजे ते वचन पाळणे होय.