शब्द कापावा कोठें ?

अमरावतींतील राजापेठेचें नांव उच्चारलें कीं चार अक्षरें ऐकूं येतात : रा, जा, पे, ठ. संगणक मात्र त्यांत सात खुणा मोजतो. कारण अक्षर निराळें आणि त्यास जोडलेला काना किंवा मात्रा निराळी, असा त्याचा हिशेब आहे.

पायथन ही नवशिक्यांस सुलभ अशी संगणकाची भाषा १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली. तींत शब्द = "राजापेठ" असें लिहून ठेवलें म्हणजे त्याचा भाग काढण्यास चौकोनी कंसांत दोन आंकडे पुरतात. हे आंकडे खुणांचे नसून त्यांमधील फटींचे समजावेत. पहिल्या खुणेआधींची फट शून्य, शेवटच्या खुणेनंतरची सात. म्हणून शब्द[०:४] यानें 'राजा' मिळतो, तर शब्द[४:७] यानें 'पेठ'. उणे आंकडा दिल्यास मोजणी शेवटाकडून होते. शब्द[-३:] यानेंही 'पेठ'च हातीं येते. (संगणकावर हे आंकडे इंग्रजी वळणाचे लिहावे लागतात.) मूळ शब्द अखंडच राहतो.

खुणा निराळ्या ठेवण्यास कारण आहे. युनिकोड या जागतिक वर्णसंकेतांत देवनागरीस १२८ घरें दिलेलीं आहेत. बाराखडी व जोडाक्षरें यांतील प्रत्येक रूपास स्वतंत्र घर देणें त्यांत शक्य नाहीं. सुट्या खुणा जोडूनच तीं घडवावीं लागतात.

धोका येथेंच आहे. जागा वांचविण्यासाठीं कोणी यादींतील नांवें ठराविक खुणांवर तोडलीं, तर तीन खुणांवर तोडलेली 'गीता' ही 'गीत' होते आणि चार खुणांवर तोडलेली 'लक्ष्मी' ही 'लक्ष'. संगणक कसलीही तक्रार करीत नाहीं; त्याच्या दृष्टीनें तुकडा बिनचूकच असतो. पण एका कागदावर गीता व दुसऱ्यावर गीत अशी नोंद झाली, तर दोन्ही नांवें एकाच व्यक्तीचीं हें सिद्ध करण्याचा भार त्या बाईवर पडतो.

यावर उपाय सोपा आहे. कापण्यापूर्वीं फटीच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. पुढील खूण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार किंवा हलन्त असेल, अथवा मागील खूण हलन्त असेल, तर तेथें कापूं नये. फट मागें सरकवावी. आणि माणसाच्या नांवाचा प्रश्न असेल, तर नांव तोडण्याऐवजीं रकानाच रुंद करावा, हें उत्तम.