काठावरची साखर

राजहंसगडाच्या कुशीतलं येळ्ळूर म्हटलं की बेळगाव भागात भाताचं शिवार आणि कुस्तीचा आखाडा आठवतो. चिखलणी, लावणी, मळणी असं वर्षभर अंगाला काम असे. ताटातला भाताचा ढीग शिवारातच जिरे. आता नांगरणी-मळणीला यंत्रं आली, तरणी पोरं दुचाकीवरून बेळगावात कामाला जातात. भात तेवढाच राहिला, घाम मात्र आटला.

अशा बदलातूनच मधुमेह शिरतो, पण तो एका रात्रीत होत नाही. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम (प्रति डेसिलिटर) किंवा एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज, ५.७ ते ६.४ टक्के असेल, तर डॉक्टर तिला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. काही दुखत-खुपत नाही, म्हणून कुणी तपासत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी या काठावर उभे आहेत.

‘मी तर काटकुळा, मला कसली शुगर?’ हा भ्रम पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मोडला. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना मांडली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी आतून चरबी बाळगून असू शकतो.

काठावरून मागे फिरता येतं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या चाचणीत आहार-व्यायामामुळे मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. पुढे आरएसएसडीआय या मधुमेहतज्ज्ञांच्या संस्थेने पाच केंद्रांवर, जवळजवळ हजार जणांना घेऊन, तीन वर्षं योग तपासला. नेहमीच्या सल्ल्याला आसन-प्राणायामाची जोड मिळालेल्यांचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरला. दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या, त्यामुळे हे आकडे शेजारी मांडून पैज लावू नये.

योगाने धोका घटतो तो कसा? जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायू ओढून घेतात. स्नायू कामाला लागले की इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखरेची दारं उघडतात. सूर्यनमस्कार, वीरभद्रासन, उत्कटासन यांत मांड्या-नितंबांचे मोठे स्नायू राबतात. संथ श्वसन आणि शवासनाने ताण उतरतो. ताणाची संप्रेरकं यकृताला साखर सोडायला लावतात, तो जोर कमी होतो. म्हणजे नुसतं डोळे मिटून बसणं पुरेसं नाही, आणि नुसती धापही नाही.

लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून स्वामी कुवलयानंदांनी योग प्रयोगशाळेत नेला. त्याच शिस्तीने आपणही मोजावं. साखर तपासून सुरुवात करावी, रोज अर्धा-पाऊण तास सराव करावा, तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा पाहावं. भात सोडू नये. वाटीने मोजावा, डाळ-उसळ आणि भाजी वाढवावी, जेवणानंतर थोडं चालावं. रक्तदाब, काचबिंदू किंवा गुडघेदुखी असलेल्यांनी आसनं डॉक्टरांना विचारूनच निवडावीत. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर ‘योग करतोय’ म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत.

आखाड्यातल्या जोर-बैठकांची सवय या भागाला नवी नाही. ती पैलवानापुरती न ठेवता घरातल्या चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, बायामाणसांनीही, उचलायला हवी.