गोरेपणाच्या डबीतला पारा

केरळमधल्या कोट्टक्कल इथं २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण डॉक्टरांनी तपासले. त्यांपैकी १५ जणांना त्याचा ‘नेल-१’ प्रथिनाशी निगडित दुर्मीळ प्रकार झाला होता. त्यातले १३ जण गोरं करणारं क्रीम लावत होते.

त्वचेचा रंग मेलॅनिनमुळे येतो. ते घडवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला अशा क्रीममधला पारा निकामी करतो, म्हणून चेहरा झटपट उजळतो. पण हाच पारा त्वचेतून रक्तात उतरतो, मूत्रपिंडात साठतो. मग लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, ती फेसाळते, पाय सुजतात. घरातल्या लहानग्यांच्या श्वासातही या पाऱ्याची वाफ जाते, हे फार क्लेशदायक आहे.

उत्पादकाचं नाव, घटकांची यादी नसलेली डबी घेऊच नका. वापरली असेल, तर डॉक्टरांना निःसंकोच सांगा. कोट्टक्कलचे बहुतेक रुग्ण क्रीम थांबवल्यावर सुधारले.