मध्यरात्रीची घंटा

गेल्या डिसेंबरात आम्ही निपाणीचे काही डॉक्टर सहकुटुंब दक्षिणेच्या सहलीस गेलो होतो. कन्याकुमारी, रामेश्वर, मदुराई करून अखेरच्या दिवशी तंजावरला पोहोचलो, तेव्हा आमच्या भूलतज्ज्ञ मित्राच्या हाती न जुळणारा जमाखर्च, भगिनीवर्गाच्या हाती मान डोलावणाऱ्या बाहुल्या आणि बरोबरच्या दोन नातवंडांच्या अंगात ताप, अशी मंडळींची अवस्था होती. बालरोगतज्ज्ञाला सहलीतही सुटी नसते, हे मी आता तक्रारीच्या सुरात म्हणत नाही.

सकाळी बृहदीश्वराचे दर्शन घेतले. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेले ते भव्य शिवमंदिर पाहून मान अवघडते. पण आम्ही खिळून राहिलो ते प्राकाराच्या भिंतीपाशी. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तेथे मराठीत कोरवून घेतला आहे. दुकानाच्या पाटीवरील चार मराठी अक्षरांसाठी झगडलेली माणसे आपण सीमाभागात पाहिली आहेत. येथे ऐन तमिळ मुलुखात भिंतच्या भिंत मराठी! आमच्यातले एक ज्येष्ठ सर्जन, एरवी अतिशय रुक्ष गृहस्थ, त्या अक्षरांवरून बोट फिरवीत बराच वेळ उभे होते.

सरफोजींची कारकीर्द १७९८ ते १८३२. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढविले, हे सर्वश्रुत आहे. वैद्यकासाठी त्यांनी धन्वंतरी महाल उभारला आणि नेत्ररुग्णांची टिपणे ठेवविली, हे आपल्या व्यवसायातही फार थोड्यांना ठाऊक असते. मला मात्र त्या दिवशी सतत आठवत होते ते त्यांचे १८०१ सालचे एक पत्र. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. निदान यात्रेकरूंसाठीची अन्नछत्रे तरी आपल्या हाती राहावीत, म्हणून राजांनी कंपनीच्या रेसिडेंटला तेथील व्यवस्था कळविली. आजाऱ्याला वैद्य, तान्ह्याला दूध, अनाथ मुलाला शिक्षकाचा आधार. छत्रात प्रसूत झालेल्या स्त्रीला औषधोपचार आणि तीन महिने मुक्काम. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करायचा, की अद्याप जेवायचे कुणी राहिले असेल तर त्याने यावे.

ती घंटा मला बोचते, त्याला कारण आहे.

२००१ च्या पावसाळ्यात, मला व्यवसाय सुरू करून दोनच वर्षे झाली असताना, एका पहाटे दार उघडले तो पायरीवर तंबाखूच्या वखारीत काम करणारी एक बाई बसलेली. मांडीवर सात महिन्यांचे मूल, रात्रभर जुलाब होऊन टाळू बसलेली, डोळे खोल गेलेले. शीर सापडेना, अखेर नडगीच्या हाडातून सलाईन दिले. मूल वाचले. दुपारी मी त्या बाईवर जवळजवळ खेकसलोच, “मला उठवलं का नाही?”

ती म्हणाली, “दार लावलेलं हुतं, सायेब.”

त्याच आठवड्यात मी दाराला विजेची घंटा आणि वर दिवा बसविला, आणि माझ्यापुरता तो विषय मिटला असे मानले. तंजावरच्या त्या भिंतीपाशी उभे असताना प्रथमच लक्षात आले, की माझी घंटा रोग्याने वाजवायची आहे. छत्रातली घंटा यजमान वाजवीत असे.

दुपारी साड्यांची खरेदी आटोपली. तिच्याविषयी पुरुषांनी न लिहिलेले बरे. संध्याकाळी बसने तिरुचिरापल्ली गाठले व तेथून रात्रीची गाडी धरली. हिशेब अखेरपर्यंत जुळला नाही. तूट भूलतज्ज्ञ मित्राने स्वतःच्या खिशातून भरली आणि सर्व मंडळी झोपी गेली.

साडेबाराच्या सुमारास कुणी न बोलावता उठलो आणि त्या दोन नातवंडांच्या कपाळांना हात लावून पाहिला. धाकटीचा ताप उतरला होता. थोरला जागाच होता. सगळे झोपलेले पाहून तो गप्प पडून राहिला होता. त्याला भूक लागली होती.