टर्बो गाडीचं हेड : काम कुठपर्यंत करायचं?

मोहाडी तालुक्यातल्या करडीतून टर्बो पेट्रोल गाडी निघते ती तुमसरला, भंडाऱ्याला, फार तर नागपूरला. वाटेत धानाच्या ट्रॉल्या, गुरं, गावागणिक गतिरोधक. इंजिन बहुतेक वेळ मिनिटाला दीड ते तीन हजार फेऱ्यांत चालतं. अशा गाडीचं गॅस्केट गेलं आणि हेड उतरवलं की सल्ला ठरलेला असतो : उघडलंच आहे तर पोर्टिंग करून घ्या (हेडमधल्या हवेच्या वाटा घासून मोकळ्या करा), मोठे व्हॉल्व्ह टाका, गाडी उडेल. हा खर्च हजारांवरून लाखावर जाऊ शकतो. म्हणून हेडचं काम कुठं थांबवायचं, हे नीट समजून ठरवायला हवं.

आधी बूस्टचा काटा काय सांगतो ते पाहू. टर्बो हवा ढकलतो आणि ती हेडच्या पोर्टमधून, व्हॉल्व्हजवळून सिलेंडरमध्ये शिरते. काट्यावर दिसतो तो आत शिरण्याआधी साचलेल्या हवेचा दाब. म्हणजे जास्त बूस्ट म्हणजे जास्त हवा आत गेली, असं दरवेळी नसतं. वाट अरुंद असली तरीही दाब चढतो. पोर्ट मोकळं केलं तर तेवढीच हवा कमी दाबात आत जाते. टर्बोला कमी दाबावं लागतं, हवा कमी तापते, नॉकिंगची, म्हणजे इंधन अवेळी पेटण्याची, भीती घटते. पोर्टिंगचा खरा फायदा हा आहे, पण तो मुख्यतः वरच्या फेऱ्यांत, जिथं व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा वेळ फारच थोडा असतो. अडीच हजार फेऱ्यांवर कंपनीचं पोर्ट सहसा पुरेसं असतं. उलट पोर्ट उगाच रुंद केलं तर हवेचा वेग घटतो आणि खालच्या फेऱ्यांतली ओढ मंदावू शकते.

उदाहरणाला पुण्याजवळच्या चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो घेऊ. २०२० साली तिच्यात एक लिटरचं, तीन सिलेंडरचं टीएसआय इंजिन आलं : ११० पीएस शक्ती, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क. हा टॉर्क साधारण १७५० फेऱ्यांपासून ४००० पर्यंत सपाट राहतो. तो सपाट राहतो कारण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, बूस्ट आवरून धरतो. म्हणजे या टप्प्यात हेड कितीही मोकळं केलं तरी ईसीयू ठरलेलाच टॉर्क देणार. त्यातून या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे. त्याच्या आतल्या वळणांत अवजार पोचत नाही, भिंतीपलीकडे पाण्याच्या वाटा आहेत. तिथं ग्राइंडर घालायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

इनटेकच्या बाजूला मात्र पाहण्यासारखं बरंच असतं. पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारलं जात असल्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलनं धुतले जात नाहीत. त्यांच्या पाठीवर कार्बनचा थर बसतो. तो काढणं, व्हॉल्व्ह आणि सीट नीट बसवणं, गाईड झिजले असतील तर बदलणं, ऑईल सील नवे घालणं, एवढ्या कामानं हरवलेली बरीच ताकद परत येते. हेड उघडलेलं असताना हे करायलाच हवं.

मग फेसिंग, म्हणजे हेडची खालची बाजू घासून सपाट करणं. गरम होऊन बसलेलं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, म्हणून सरळ पट्टी आणि फिलर गेजनं ते आडवं, उभं, तिरपं तपासावं. किती वाकलेलं चालेल ते कंपनीच्या पुस्तकात असतं. काही हेडना फेसिंगची परवानगीच नसते. कारण हिशेबात आहे. ४०० सीसीचा सिलेंडर आणि ९.५ चं कॉम्प्रेशन धरलं तर वरची मोकळी जागा ४७ सीसीच उरते. ७५ मिलिमीटर बोअरच्या हेडवरून ०.३ मिलिमीटर काढलं की त्यातली जास्तीत जास्त १.३ सीसी जागा जाते आणि कॉम्प्रेशन पावणेदहाच्या आसपास पोचतं. ऐकायला हे छान वाटतं, पण टर्बो पेट्रोलमध्ये हीच वाढ नॉकिंगला बोलावते. ईसीयू स्पार्क मागे घेतो आणि मिळालेलं परत जातं. शिवाय कॅमशाफ्ट तेवढा खाली आल्यानं टायमिंगही किंचित सरकतं. म्हणून लेथवाल्याला ‘साफ दिसेपर्यंत घे’ असं कधी सांगू नये. आकडा सांगावा.

स्प्रिंग आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बदलण्याची वेळ येते ती बूस्ट खरोखर वाढवायचा असेल तेव्हा. ३० मिलिमीटर तोंडाच्या इनटेक व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ सात चौरस सेंटिमीटर भरतं. बूस्ट एक बारनं वाढला तर त्याच्या पाठीवर सुमारे सात किलोचा जादा रेटा येतो, आणि तो स्प्रिंगच्या विरुद्ध, व्हॉल्व्ह उघडण्याच्या दिशेनं. तेव्हा कडक स्प्रिंग लागतात. टर्बो पेट्रोलचा धूर ९०० अंशांच्या वर जातो, म्हणून इन्कोनेल मिश्रधातूचे किंवा आत सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वापरतात. सोडियम ९८ अंशांनाच वितळतं आणि दांड्यात वरखाली हिंदकळत तोंडाची उष्णता गाईडकडे नेतं. मोठे व्हॉल्व्ह आणि वेगळे कॅम याच्याही पुढचे. मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर आणि ईसीयूचा नवा मॅप ठरल्याशिवाय त्यांचा विचारच करू नये.

करडीच्या गाडीसाठी माझं मत स्पष्ट आहे : साफसफाई, सीट, गाईड, सील, गरजेपुरतं फेसिंग, आणि बस. पैसे उरलेच तर इंटरकूलर आणि रेडिएटर पाहावा. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ ला टेकतो; त्या हवेत २५ अंशांच्या मानानं सहा टक्के प्राणवायू कमी असतो आणि टर्बो ती आणखी तापवतो. इथल्या गाडीची ताकद उन्हाळ्यात पहिली तिथं जाते. वरच्या यादीपलीकडच्या बदलांना कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं.

हेड परत चढवताना जुने बोल्ट मात्र वापरू नयेत. टॉर्क पान्यानं घट्ट करून वर अंशांत फिरवायचे बोल्ट मुद्दाम ताणले जातात. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देईल याचा भरवसा नसतो, आणि बूस्ट चढला की हेड किंचित उचललं जाऊन नवं गॅस्केटही जातं. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत पाणी किंवा तेल राहिलं तर टॉर्क खोटा लागतो, म्हणून ती आधी हवेनं फुंकून कोरडी करून घ्यावीत.